आत्याचे केस

मुरबाडजवळच्या वृद्धाश्रमात आत्याला ठेवलं त्याला तीन महिने होत आले होते. तिला मूलबाळ नाही. खर्डीकडच्या गावात एकटीच राहायची. पडली, खुबा मोडला, आणि आमच्या आसनगावच्या घराचे तीन जिने तिला चढवेनात. दर रविवारी मी जवळच्या शहापूरहून एसटीने तिला भेटायला जायचो.

त्या रविवारी मी तिच्या खाटेजवळून पुढे निघून गेलो. ओळखलंच नाही. डोक्याचा पार गोटा केला होता. ऐंशीच्या घरातही तिचा अंबाडा मुठीत मावत नसे.

"कोणी केलं हे?"

"हितल्या कामवाल्या दोघींनी हात धरलं, तिसरीनं मशीन फिरवली. नको नको म्हनत व्हते मी." मग हळूच म्हणाली, "नवरा गेला तवा पन माझ्या केसांना कोनी हात नव्हता लावला रे."

तसाच ऑफिसात जाऊन ओरडलो. व्यवस्थापक बाई शांत होत्या. "उवा होतात हो. सगळ्यांचेच काढतो." त्यांनी फाइल उघडून पुढे सरकवली. स्वच्छतेसाठी योग्य वाटेल ते करण्यास नातेवाइकांची संमती. खाली माझी सही. दाखल करताना पाच-सहा कागदांवर मी भराभर सह्या ठोकल्या होत्या, एकही न वाचता.

खोलीत परत आलो. बाकीच्या पाच जणींची डोकीही तशीच. इतके रविवार त्यांना बघत होतो. वयानं केस गेले असतील, असं धरून चाललो होतो.

आत्याला सहीचं सांगितलं.

"मला इचारायचं तरी. सही येते मला."

मला तेही ठाऊक नव्हतं.

तहसील कार्यालयात लेखी तक्रार दिली. बरेच हेलपाटे घातल्यावर तपासणी झाली. मशीन बंद झालं, आणि प्रत्येकीला विचारून नवे कागद करायचं ठरलं. मी म्हटलं, "आत्या, घरी चल. जिन्याचं बघू काहीतरी."

"नाय. हितं शेजारची हाय बोलाया. पन कागद मी वाचीन."

नवे कागद आले तेव्हा व्यवस्थापक बाई वाचून दाखवायला लागल्या, तर आत्याने कागद त्यांच्या हातातून काढून घेतला. उवा झाल्यास केस कापण्यास हरकत नाही, या ओळीवर तिने आडवी रेघ ओढली आणि खाली एकेक अक्षर सुटं काढत नाव लिहिलं.

शेजारच्या खाटेवरची म्हणाली, "माझ्या पन कागदावर मार गो तशी रेघ."