सावंत सरांच्या गच्चीवरचा पालक

"मशीनला वेड लागलंय की तुम्हाला?" सावंत सरांनी रिपोर्ट माझ्या टेबलावर आपटला.

अंधेरीतल्या आमच्या अन्न तपासणाऱ्या लॅबचे ते मालक, मी केमिस्ट. एका ग्राहकाने नाल्याकाठचा पालक तपासायला दिला होता. अशा वेळी तुलनेसाठी एक स्वच्छ नमुनाही लावतात, त्याला कंट्रोल म्हणतात. आमचा कंट्रोल म्हणजे सरांच्या मुलुंडच्या सोसायटीच्या गच्चीवरचा पालक. सर तो प्रसादासारखा स्वतः घेऊन यायचे. नाला नाही, केमिकल नाही, खतही घरच्या ओल्या कचऱ्याचं. त्यावर शंका घ्यायची आमची काय बिशाद!

भाजी वाळवून, आम्लात विरघळवून मशीनमध्ये घातली की त्यात शिसं किती ते कळतं. नाल्याकाठच्या पालकात मर्यादेपेक्षा जास्त निघालं. ते अपेक्षितच होतं. पण सरांच्या पालकात त्याहून जास्त निघालं.

मग आम्ही शहाण्यांनी काय केलं? मशीन साफ केलं. भांडी परत धुतली. आम्लाची नवी बाटली फोडली. तीनदा टेस्ट केली, आकडा तोच. परक्याचा नमुना असता तर मी पहिल्याच फेरीत सही ठोकून मोकळी झाले असते.

"सर, तीनदा केली टेस्ट. पालकातच आहे."

"अगो, घरचो पालक तो! नातू माझो रोज खाता!" सर चिडले की थेट मालवणीत शिरतात.

बोलले आणि टेबलावरचा रिपोर्ट उचलून परत वाचायला लागले. नातू दोन वर्षांचा. शिसं कुणालाच चांगलं नाही, पण लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीची ते वाट लावतं आणि वरून काही दिसत नाही. भाजी कितीही धुवा, मुळांतून पानात शिरलेलं शिसं निघत नाही.

आम्ही तसेच मुलुंडला गेलो. कुंड्यांतली माती उकरली तर रंगाचे हिरवे पापुद्रे. गच्चीचं जुनं लोखंडी रेलिंग नुकतंच खरवडून रंगवलं होतं. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं.

"खरवडलेला रंग कुठे टाकला, सर?"

"कुंड्यांत. मीच म्हटलं, खाली कशाला न्यायचा, मातीत मिसळेल ना."

"मिसळला, सर. झकास मिसळला."

नातवाच्या रक्तात शिसं वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, अजून औषधाची गरज नाही, पालक बंद करा, तीन महिन्यांनी परत तपासू. ते तीन महिने सर कुणावर ओरडले नाहीत. त्यापेक्षा त्यांचं ओरडणं बरं, असं मला वाटायला लागलं होतं. दुसऱ्या रिपोर्टमध्ये आकडा बराच खाली आला. सर केबिनचं दार लावून रडले. बाहेर आले ते माझ्यावर खेकसतच, "कंट्रोल कुठून आणणार आता?"

आता बाजारातून आणतो, आणि आधी त्याचीच टेस्ट करतो. नमुन्यावर फक्त नंबर लिहितो. भाजी कुणाच्या घरची ते मशीनला कधीच कळत नव्हतं, आता आम्हालाही कळत नाही.