मोलीभाऊंची काळी बाटली

"आज मोली खूश हाय!" पाण्याचा टँकर थांबला की हेच ओरडत तो चालवणारे भाऊ खाली उतरायचे. बाळंतपण उरकून मी नुकतीच रेणापूरजवळच्या सासरी परतले होते. मला वाटलं, मोली त्यांची लेक असावी. तर कसलं काय! मोली म्हणजे इंजिनाच्या तेलात घालायचं काळं औषध. मोलिब्डेनम हे नाव काही त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून मोली. आणि ते झाले मोलीभाऊ.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झालेला. कचेरी नवी, पाट्या नव्या, दुष्काळ तेवढा जुनाच. विहिरी कोरड्याठाक, सगळी भिस्त भाऊंच्या म्हाताऱ्या टँकरवर. "मोली लोखंडाला लोखंड घासू देत न्हाई. लई गुणाची," ते सांगायचे. ती तेलात कधीच खाली बसत नाही, असं विकणाऱ्याने छातीठोक सांगितलं होतं. पुरावा म्हणून तेल आणि मोली भरलेली काचेची बाटली भाऊ स्टिअरिंगपुढे ठेवत, आणि नजर जाईल तेव्हा गदागदा हलवत.

"बसत नाही तर हलवता कशाला हो?" मी एकदा विचारलं.

"सवय हाय," म्हणाले, आणि दुसरंच काही बोलू लागले.

एके दिवशी "मोली घालूनच पाणी आणतो" असं काहीसं ते बोलून गेले आणि गावभर झालं: टँकरवाला पाण्यात काळं औषध घालतो! दुसऱ्या दिवशी एकही बाई हंडा लावेना. पुढे कमरेवर हात ठेवून आमच्या सासूबाई. "न्या माघारी. लेकरांना काळं पाजायचं न्हाई आम्हाला."

घरात माझी पोरगी तापाने फणफणलेली आणि पाणी तांब्याभर. टँकर परत गेला तर?

"अगं माय, ती तेलात जाती, पाण्यात न्हाई!" भाऊ काकुळतीला आले. कोण ऐकतंय!

"पाण्यात असंल तर बुडाला बसंल," सासूबाई म्हणाल्या. "पेला भरून ठेवा. शेजारी ती बाटली ठेवा, काळं कसं बसतंय ते कळंल. बघू."

भाऊंचा चेहरा उतरला. पण दोन्ही पायरीवर ठेवलं. उन्हात आम्ही ताटकळत बसलो. हळूहळू बाटलीतलं तेल वरून निवळलं, तळाशी काळा थर दिसू लागला. पेल्याचा तळ मात्र स्वच्छ. सासूबाईंनी पेला उचलला, घटाघटा प्यायल्या. "हाव, पाणीच हाय."

हुश्श! पहिली कळशी घेऊन मी घरी पळत सुटले. पोरीच्या कपाळावर ओली घडी ठेवली आणि मग मला रडू आलं. संध्याकाळी तिचा ताप उतरला.

पुढे भाऊंनी तेल बदललं ते मोलीशिवाय. "चालत्या इंजिनात घुसळत राहत असंल, कुणाला ठाऊक," म्हणाले. "पण ती नसली तरी गाडी तशीच चालून राहिली. जीव हलका झाला बघ. रोज धास्ती असायची, मोली संपली तर काय."

पाऊस झाला, टँकर बंद झाले, भाऊंना मुदखेडकडे काम मिळालं. निरोप घ्यायला आले तेव्हा मी विचारलंच, "त्या दिवशी तुमचा हात सारखा बाटलीकडं जात होता ना?"

"जात होता की."

"मग हलवली का नाही?"

"हलवली असती तर मोली वर राहिली असती, माय," भाऊ म्हणाले. "मग तुमचं पाणी खरं कशानं ठरलं असतं?"