विमलकाकूंच्या भिंतीवरची रेघ

विमलकाकूंचं घर पाडताना माझा एक फोटो पुरावा म्हणून वापरला गेला.

काल सकाळी काकू गेल्या.

मी इथे फारसं लिहीत नाही. पण तो फोटो मी इथेच टाकला होता. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लाईक केला होता. म्हणून इथेच सांगतो.

दगडी भिंत, तिच्यावर गेरूची आडवी रेघ, आणि रेघेवर टेकवलेला, पीठ लागलेला एक हात. आठवला असेल.

तो हात काकूंचा.

चादरघाटाच्या पुलाजवळ, मुसी नदीच्या काठच्या गल्लीत त्यांची पिठाची चक्की होती. मागे घर. माझ्या लहानपणी आम्ही त्यांच्याच एका खोलीत भाड्याने राहायचो. नंतर आम्ही नल्लकुंट्याला गेलो, मी पुढे कुकटपल्लीला. काकू तिथेच राहिल्या. काका गेल्यावर चक्की त्यांनी एकटीने चालवली. मुलगी लग्न होऊन नांदेडला.

शंभर वर्षांपूर्वीच्या मोठ्या पुरात त्यांच्या घरात कमरेएवढं पाणी आलं होतं. भिंत टिकली. काकांच्या आजोबांनी पाणी जिथवर चढलं तिथे रेघ मारून ठेवली. तेव्हापासून महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी त्या रेघेला हळदकुंकू लावायचं आणि दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, हा त्या घराचा रिवाज.

आता जे सांगायचं आहे ते हे.

ती रेघ मूळ जागेवर नव्हती.

घरात भर घालून दोनदा फरशी उंच केली होती. फरशी वर आली की रेघ खाली जायची. मग कुंकू लावायला वाकावं लागायचं. म्हणून दर वेळी रेघही वर घेतली, नव्या फरशीपासून पुन्हा कमरेएवढी. दुसऱ्या वेळी मी दहा वर्षांचा होतो. दोरीचं एक टोक मी धरलं होतं आणि गेरूचा बोळा मीच फिरवला होता.

काकू हसून म्हणाल्या होत्या, "देवाला कळतंय रे. पाणी तेवढंच, आपण वर आलो."

नदीकाठ सुधारायच्या सरकारी कामाचं ऑफिस उघडलं तेव्हा त्यांनी जुन्या रहिवाशांकडून फोटो मागवले होते. काठाचा इतिहास जमवायचा म्हणून. मी गेलो, काकूंना हात ठेवायला सांगितला, फोटो काढला. रस्त्यापासून रेघेची उंची टेपने मोजली. इंग्रजीत कॅप्शन लिहिलं की मोठ्या पुराचं पाणी नेमकं इथपर्यंत आलं होतं. उंचीही लिहिली.

रेघ सरकवलेली आहे हे लिहिलं असतं तर फोटोची मजा गेली असती. तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं.

फोटो दिल्यावर मला ऑफिसकडून सर्टिफिकेट मिळालं.

काही महिन्यांनी, पुराच्या पाण्यात येणारी घरं पाडायची म्हणून, घरांवर लाल खुणा आल्या. हिअरिंगला काकू मला घेऊन गेल्या. म्हणाल्या, तुला इंग्लिश येतं, तू बोल. त्यांचं म्हणणं सरळ होतं. फरशी उंच केली आहे, आता जुन्या पुराएवढं पाणी आलं तरी घरात शिरणार नाही.

ऑफिसर सभ्य माणूस होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला.

"अम्मा, ये आपकाच घर है ना? ये हाथ आपका?"

"हौ साब, मेराच है."

"फिर पानी तो यहाँ तक आता ना."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

मला बोलायचं होतं ते एकच वाक्य होतं, की रेघ वर घेतलेली आहे. पण मग मी लिहिलेलं चूक होतं हे सांगावं लागलं असतं. त्याच खोलीत, ज्यांनी मला सर्टिफिकेट दिलं त्यांच्यासमोर.

मी हातातली फाईल नीट करत बसलो.

काकू म्हणाल्या, "पुरानी बात है साब," आणि उठल्या. फोटो कोणी काढला हे त्यांनी तिथे सांगितलं नाही.

परत येताना कोठीच्या बाजारात त्यांनी मला उसाचा रस पाजला. मी नको म्हणालो तर म्हणाल्या, "नक्को काय, सकाळपासून उपाशी आहेस."

गल्लीतली उंचावरची चार घरं वाचली. काकूंचं गेलं. कदाचित फोटो नसता तरी गेलं असतं. मी स्वतःला असं बऱ्याचदा सांगतो.

त्यांना शहराबाहेर सातव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. चक्की तिथे बसवता येईना, ती भंगारात गेली. मी दोनदाच गेलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा महालक्ष्म्या नुकत्याच उठल्या होत्या. ओट्यावर दहीभात झाकून ठेवलेला.

काकूंनी माझ्या हातात पेन्सिल दिली.

"तूच काढ रे संजू. तुझा हात बसलेला आहे."

मी फरशीपासून त्यांच्या कमरेएवढं अंतर घेतलं आणि पांढऱ्या भिंतीवर रेघ ओढली. त्यांनी कुंकू लावलं. थोडं बाजूला होऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "सरळ आलीय."

तेव्हा सांगता आलं असतं. आम्ही दोघंच होतो. मी दहीभात खाल्ला आणि ट्रॅफिक लागेल म्हणून निघालो.

आता चादरघाटाला कामाभोवती पत्रे लावलेत. त्यावर काठाचे जुने फोटो मोठे करून छापलेत. काकूंचा हातही आहे. खाली माझं कॅप्शन, माझं नाव. काकूंचं नाव नाही.

आज सकाळी मी ऑफिसला मेल केला आहे. रेघ दोनदा वर घेतलेली आहे, दुसऱ्यांदा मी स्वतः काढली, हे मला फोटो पाठवतानाही माहीत होतं, आणि हात विमलकाकूंचा आहे, असं लिहिलंय. मेलचा आता काही उपयोग नाही, हे मला कळतं.

काकू, त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे पाहिलंत तेव्हा बोलायला हवं होतं.

बोललो नाही.

तुम्हाला नमस्कार.