दोन ग्रॅम चुनखडी

“तू तराजूला हात लावायचा नाही. तुझं वजन श्रीधर करून देईल.”

कॉलेजच्या प्रयोगशाळेतला माझा पहिला दिवस. सर एवढं बोलून पुढच्या टेबलाकडं गेले. ‘तुझं वजन’ ऐकून पोरं फिदीफिदी हसली. काचेच्या पेटीतल्या तराजूकडं गेलेला हात मी मागं घेतला.

आम्ही ढोर जातीचे. कातडी कमावणारे. कोल्हापुरात आमच्या वस्तीवरनं जाताना माणसं नाकाला पदर, उपरणं लावायची. वस्तीतनं कॉलेजात गेलेली मी पहिली. वर्गात मुली दोनच. दुसरी माझ्या बाकावर बसायची नाही.

सहा महिने शेजारच्या टेबलावरचा श्रीधर तोलायचा, आकडा सांगायचा, मी लिहायची. त्याच्या आकड्यावर माझा हिशेब. ग्रॅमचे मोल, मोलाचे अणू. हिशेब माझा कधी चुकला नाही. श्रीधर माझंच बघून वही भरायचा. तक्रार केली तर नाव काढून टाकतील ही भीती.

सहामाही परीक्षेला चुनखडी भाजायची होती. श्रीधर म्हणाला, “दोन ग्रॅम.” मी लिहिलं. चुनखडी घातलेली मूस ज्योतीवर लाल होईस्तोवर भाजली. गार झाल्यावर त्यानंच तोलली. “शून्य पूर्णांक चौऱ्याऐंशी.”

आकडा जुळत नव्हता. शंभर ग्रॅम चुनखडीची छप्पन ग्रॅम चुनकळी, म्हणजे भाजलेला चुना, होते. एका मोलाला एक मोल. दोन ग्रॅमची एक पूर्णांक बारा व्हायला पाहिजे.

सरांनी वही बघितली. “सांडलीस. शून्य.”

“सांडली नाही सर. चुनकळीला छप्पननं भागा. मोलाचे हजार भाग केले तर पंधरा भाग येतात. त्यात कॅल्शियमचे अणू नवावर एकवीस शून्यं. भाजल्यावर वायू जातो, कॅल्शियम जात नाही. म्हणजे आधीही तेवढंच होतं. चुनखडी दीड ग्रॅमच होती. वजन चुकीचं सांगितलंय.”

श्रीधर खाली बघायला लागला. त्याला कळलं होतं. सरांनाही कळलं होतं.

सर म्हणाले, “तुमच्यात चुना कातड्याला लावतात ना? मग तेवढंच कर.”

अख्खी प्रयोगशाळा हसली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. मी पेटीची काच वर केली. दोन ग्रॅम चुनखडी माझ्या हातानं तोलली, भाजली, पुन्हा तोलली. एक पूर्णांक बारा. आकडा मोठ्यानं वाचला.

कुणी हसलं नाही. सरांनी शून्यही खोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी फाटकात म्हातारा शिपाई भेटला. हळूच म्हणाला, “पोरी, तू गेल्यावर सरांनी तराजू स्पिरिटनं पुसाय लावला की मला. दोनदा.”

मी तशीच प्राचार्यांच्या खोलीत गेले. बस म्हणाले नाहीत. मी उभ्यानं बोलले, “मला तोलू देत नाहीत. का, ते कागदावर लिहून द्या. खाली सही करा.”

“असं काही लिहून देता येत नाही.”

“मग आजपासनं मी तोलणार.”

“सरांची माफी माग. नाहीतर नाव काढावं लागेल.”

“काढा. पण कारण लिहून काढा. तोंडी सांगितलेलं मी ऐकणार न्हाय. इथंच न्हाय, कुठंच न्हाय.”

तास सुरू व्हायची घंटा झाली. मी वर्गात जाऊन पहिल्या बाकावर बसले.