काळा पडलेला शेंदूर

आमच्या घरातील ख्रिस्ताच्या चित्राविषयी माझा धाकटा भाऊ जे सांगत फिरतो, ते खोटे आहे. चित्राने घरात आजार आणला नाही. आजार आधीच आत आला होता. चित्राने तो दाखवला.

रंगाच्या कारखान्यातर्फे मी जर्मनीला गेलो असताना एका वृद्ध छापकाराने मला ते दिले. तिकडच्या सहाशे वर्षांपूर्वीच्या छापावरून त्याने लाकडी ठसा नव्याने कोरला होता. जाड काळ्या रेघा, छायेचा लवलेश नाही, काटेरी मुकुटाखाली कललेली मान, पुढे धरलेले तळवे. जखमा मात्र जुन्या रीतीने हाताने रंगवलेल्या, शिशाच्या लाल भुकटीने. म्हणजे आपल्या शेंदरानेच. घराचे रक्षण व्हावे म्हणून तिकडे असे छाप दाराशी लावीत. मीही बोईसरच्या घरी तसाच लावला.

पुढे कारखान्यांकडच्या खिडकीतून संध्याकाळी सडक्या अंड्यांसारखा वास येऊ लागला. पत्नीला खोकला जडला. त्याच सुमारास आधी कुशीची, मग तळव्यांची जखम काळी पडली. जन्मभर रंगांत काढलेल्या माणसाला त्याचा अर्थ कोणी शिकवायला नको. गंधकाच्या वायूने शिसे काळवंडते. मी बजावले, हे घर सोडून दूर समुद्राकाठी दातिवऱ्याला राहायला जाऊ.

पत्नी हटून बसली. भावाने तिचीच री ओढली.

"दादा, देव खंडित झालाय. असा देव घरात ठेवीत नाय. विसर्जन करा, वहिनींचा खोकला जाईल."

माझ्या संमतीने विसर्जन झाले, असे तो सांगतो. मी बाजारात होतो. परतलो तेव्हा भिंतीवर खिळा होता आणि चित्र वैतरणेच्या खाडीत.

खोकला गेला नाही. नंतरच्या एका शनिवारी पत्नी वेशीवरच्या मारुतीहून परतली, ती तेलाची वाटी तशीच भरलेली घेऊन. मारुतीचा खांदा काळा पडला होता. दिव्याची काजळी असेल, असे भाऊ म्हणाला. पत्नीने बोटे पुढे केली. खांदा तिने बोटांनी पुसून पाहिला होता. बोटांना काहीच लागले नव्हते. मग ती खोकत राहिली. श्वास परत मिळाल्यावर म्हणाली,

"भाऊजी, आता याला कुठल्या खाडीत बुडवाल?"

भाऊ उठून गेला. हा भाग तो कोणाला सांगत नाही.

पत्नीने स्वतःच माळ्यावरची पेटी काढायला लावली. ती लुगडी भरू लागली, तोच वास आला. मी खिडकी लावून घेतली. वास आतच होता.