आत्माराम म्हणेल ती गाडी

शहाऐंशीच्या सुमाराला रत्नागिरीत ज्यांनी ज्यांनी मोटारसायकली घेतल्या, त्यांतल्या बहुतेकांनी त्या आधी आत्मारामच्या मागे बसून पाहिल्या होत्या. आत्माराम भाटकर माळनाक्यावरच्या शोरूममध्ये ट्रायल द्यायच्या कामाला होता. इतर ठिकाणी म्हणे गिऱ्हाईक स्वतः गाडी चालवून बघतं. इथे निम्म्या गिऱ्हाइकांची मजल सायकलपुढे गेलेली नसायची. तेव्हा शोरूमच्या शेटने आपली एक रीत पाडली होती. आत्मारामने गाडी चालवायची, गिऱ्हाइकाने मागे बसायचं, उतार उतरून जयस्तंभापर्यंत जायचं आणि तोच चढ चढून परत यायचं. वर पोचल्यावर गिऱ्हाईक खाली उतरून कपडे झटकायचं आणि गाडीकडे बघायचं सोडून आत्मारामच्या तोंडाकडे बघायचं. आत्मारामने मान डोलावली की शेट पेढे मागवायचा.

अशा शे-दीडशे गाड्या आत्मारामच्या मानेवर विकल्या गेल्या असतील. त्याची स्वतःची मात्र साधी सायकलही नव्हती. दिवसातून पाच-सहा वेळा नवीकोरी गाडी चालवणारा हा माणूस संध्याकाळी पावसला जाणाऱ्या एस.टी.च्या दांड्याला लोंबकळत आपल्या गावाला जायचा. तिठ्यावर उतरला की पुढे वाडीपर्यंत चालत. गाडी हाताला लागावी आणि आपली नसावी, हे त्याला अडतिसाव्या वर्षापर्यंत पुरेपूर कळलेलं होतं.

माणूस कामाला चोख. पण जळका. हे मी त्याच्या माघारी बोलत नाही, त्याच्या बायकोने, सगुणानेच ते कितीदा त्याला तोंडावर सांगितलं होतं. हेदवीच्या एका मास्तरांनी गाडी घेतली, तेव्हा हा घरी येऊन म्हणाला, महिन्याभरात पडतील. मास्तर पडले नाहीत, तर याला दोन दिवस चैन नाही. गिऱ्हाइकाने दिलेला पेढा तो तोंडात टाकायचा, गाडीला हार घालायला मदत करायचा, नारळसुद्धा फोडून द्यायचा, आणि गाडी वळणाआड गेली की त्याच्या पोटात दुखायला लागायचं.

त्यातही सगळ्यात जास्त दुखायचं ते हरिश्चंद्रावरून. हरिश्चंद्र त्याच्याच वाडीतला, दोन घरं सोडून राहणारा, त्याच्याच इयत्तेतला. सातवीत दोनदा नापास झालेला. आत्माराम त्याला गणितं दाखवायचा म्हणून तो निदान सातवीपर्यंत तरी आला. पुढे गावातल्या एका सारंगाने दोघांनाही बोटीवर लावून द्यायचं कबूल केलं, तेव्हा आत्मारामच्या आईने रडून-भेकून त्याला ठेवून घेतलं आणि हरिश्चंद्र गेला. बोटीवर तो कांदे सोलता सोलता कुक झाला. वर्षातले दहा महिने पाण्यावर, दोन महिने घरी. घरावर स्लॅब पडला, घरात टेपरेकॉर्डर आला, आई गोदूबाईच्या हातात पाटल्या आल्या. आणि दर खेपेला हा गृहस्थ आत्मारामसाठी काहीतरी आणायचाच. कधी शर्टपीस, कधी लायटर, कधी नखं कापायचं यंत्र. आत्माराम ते हसून घ्यायचा आणि मनात म्हणायचा, मला गणितं विचारणारा आता मला नखं कापायला शिकवतोय.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर हरिश्चंद्र सुट्टीवर आला. शोरूममध्ये तेव्हा लाल रंगाची एकच गाडी उभी होती. जपानी बनावटीचं शंभर सीसीचं इंजिन, किक मारली की शिवण्याच्या यंत्रासारखं चालणारं. बुकिंगवाला ऐनवेळी मागे फिरल्यामुळे ती मोकळी झालेली. आत्माराम रोज सकाळी तिची टाकी फडक्याने पुसायचा, आणि गरज नसताना परत एकदा पुसायचा. त्या गाडीवर त्याचा जीवच जडला होता म्हणा ना.

एका संध्याकाळी हरिश्चंद्र त्याच्या ओटीवर येऊन बसला. त्याने सोमजाईला कौल लावला होता. त्या गावात विहीर खणायची असो, मुलीचं जमवायचं असो की होडी पाण्यात लोटायची असो, ग्रामदेवीला विचारल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नाही. गुरव मागणं मांडून गाऱ्हाणं घालतो, देवीच्या अंगाला पाकळ्या लावतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एका गोष्टीसाठी एकदाच विचारायचं, कौल फिरवून मागायचा नाही. आणि गाऱ्हाण्यात काय काय घातलं ते काम तडीला जाईपर्यंत चारचौघांत बोलायचं नाही.

"आत्मा, लाल गाडीचा कौल दिलान देवीनं," हरिश्चंद्र म्हणाला. "पण तुझ्यावर घालून. आत्माराम चालवून बघील आणि हो म्हणेल तर घ्यायची. नाय म्हणाला तर परत गाडीचा नाव काढायचा नाय. असा कौल लावला, आणि उजवी पडली."

आणखी काय मागितलंस, असं आत्मारामने विचारलं. बाकीचं गाडी दारात आल्यावर सांगेन, गुरवाने तोंड बंद ठेवायला बजावलंय, असं म्हणून हरिश्चंद्र हसला.

दुसरा कोणी असता तर त्याची छाती फुगली असती. प्रत्यक्ष देवीने निवाडा आपल्या जिभेवर ठेवला, ही काय थोडी गोष्ट झाली? आत्मारामच्या डोक्यात मात्र एवढंच शिरलं की हरीला उजवी पडली. त्याने स्वतः आजवर तीनदा कौल लावला होता, तिन्ही वेळा डावी. म्हणजे देवीसुद्धा स्लॅबच्या घराकडे बघते! घरची कौलं शाकारताना खाली पडून त्याचा पाय मोडला, तेव्हासुद्धा तो देवीवर एवढा रागावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला हरिश्चंद्र शोरूमवर हजर झाला. इस्त्रीची पँट, डोळ्यांवर काळा चष्मा. शेटने त्याला खुर्ची दिली, स्पेशल चहा मागवला आणि तीनदा हरिश्चंद्रशेट म्हणाला. आत्माराम त्या दुकानात पाच वर्षं राबत होता, शेटने त्याला साधं आत्मारामभाऊ म्हटलेलं नव्हतं. आत्मारामने गाडी बाहेर काढली. एका किकला सुरू झाली.

उतारावर गाडी लोण्यासारखी गेली. मागे हरिश्चंद्र त्याच्या खांद्यावर हात ठेवून लहान मुलासारखा बोलत होता. आईला एकदा गणपतीपुळ्याला न्यायचं, तिने मागे बसून घट्ट धरायचं, असं काय काय. आत्माराम ऐकत होता आणि आतल्या आत हिशोब करत होता. वर्षाला दोन महिने गाडी फिरणार, दहा महिने दारापुढच्या खळ्यात ताडपत्रीखाली गंजणार. खाऱ्या वाऱ्याला पत्रा किती टिकतो? ज्याला क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे माहीत नाही, त्याच्या दारात ही लाल गाडी सडणार, आणि ज्याच्या हाताला ती ओळखते तो एस.टी.ची वाट बघणार.

तरीही खरं सांगतो, जयस्तंभाला वळेपर्यंत त्याच्या मनात वाईट काही करायचं नव्हतं. तो जळत होता, पण जळणं त्याला नेहमीचंच. घोटाळा केला तो पानाच्या गादीवरच्या एका ओळखीच्या माणसाने. हरिश्चंद्राला बघून तो हात वर करून ओरडला, काय हरीशेट, गाडी घेतलीत, आणि आमच्या आत्म्याला डायव्हर ठेवलात वाटतं!

गादीवरची चार माणसं हसली. हरिश्चंद्रही सहज हसला. आत्मारामच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चढ सुरू झाला तेव्हा त्याने खालचा गिअर टाकायला हवा होता, तो टाकला नाही. वरच्याच गिअरमध्ये गाडी चढाला घातली आणि उजवा पाय हळूच मागच्या ब्रेकवर टेकवून ठेवला. मागे बसलेल्याला ते दिसायचं कारण नव्हतं. गाडी कण्हायला लागली, इंजिन आतून ठोके देऊ लागलं, आणि अर्ध्या चढावर मान टाकून बंद पडलं. आत्माराम गंभीर चेहऱ्याने म्हणाला की आता उतरावं लागेल. हरिश्चंद्र उतरला. उतरून नुसता चालला नाही, तर इस्त्रीच्या पँटीत, चष्मा खिशात घालून, मागून गाडी ढकलत आला. आत्मारामने हँडल धरलं होतं. मागून येणारी त्याची धाप ऐकून त्याला बरं वाटत होतं, अगदी मनापासून बरं वाटत होतं.

वर आल्यावर शेट दारातच उभा होता. हरिश्चंद्राने घाम पुसला आणि आत्मारामच्या तोंडाकडे पाहिलं. शेट त्याच्या पाठीमागून जोरजोराने मान डोलावून आत्मारामला खुणावत होता.

"नको घेऊ," आत्माराम म्हणाला. "दोन माणसांना चढत नाय. आणि आपल्याकडे सगळा चढच."

हरिश्चंद्राने गाडीच्या टाकीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाला, "बरा. तू म्हणतोस तर नको." एवढंच. कुरकुर नाही, प्रश्न नाही. जाताना त्याने आत्मारामला चहा पाजला.

शेट खूप बोलला. चोक ओढलेला राहिला होता, अशी काहीतरी थाप मारून आत्मारामने वेळ मारून नेली. दोनच दिवसांनी लांज्याचा एक काजूवाला आला. आत्मारामने त्याला मागे बसवून तो चढ दुसऱ्या गिअरमध्ये झर्रकन चढून दाखवला, आणि लाल गाडी लांज्याला गेली. या खेपेला त्याच्या पोटात दुखलं नाही. हरिश्चंद्राच्या दारात गाडी नाही, हे औषध त्याला चांगलंच लागू पडलं होतं. त्या आठवड्यात तो घरी दोन घास जास्तच जेवला.

हरिश्चंद्र सुट्टी संपवून मुंबईला बोट धरायला गेला. त्यानंतरच्या रविवारी दुपारी गोदूबाई आत्मारामकडे आली. हातात झाकलेलं ताट, त्यात गरम घावन. आत्माराम ओटीवर बसला होता, सगुणा आत भांडी घासत होती. म्हातारीने तिलाही बाहेर बोलावलं. दोघांनी ऐकण्यासारखं आहे, म्हणाली.

"गाडीचा विषय मिटला, आता ह्या बोलायला हरकत नाय," गोदूबाई म्हणाली. "हरीनं गाऱ्हाण्यात काय घातलान म्हायत हाय? म्हणालान, गाडी कागदावर माझी, पण चावी आत्म्याकडे. मी दहा महिने पाण्यावर. आत्मा रोज एस.टी.ला लोंबकळत जातो, तर गाडी त्याच्याच दारात ठेवायची, त्यानंच फिरवायची. आईला कधी डाक्टरकडे न्यायची वेळ आली तर त्यानंच न्यायची."

आत्मारामने उचललेलं घावन परत ताटात ठेवलं.

"हरी म्हणतो, आत्म्यानं ओळखलान असणार," म्हातारी पुढे म्हणाली. "मी बोटीवर, घरात दुसरा कोण चालवणारा? तरी आत्मा नाय म्हणाला. स्वतःचा फायदा बघितलान नाय, माझे पैसे वाचवलान. असा माणूस दोन घरावर हाय म्हणून मी तुला सोडून निर्धास्त जातो, असा सांगून गेला माझा पोर."

सगुणाने नवऱ्याकडे पाहिलं. तिने त्याच्याबरोबर सोळा वर्षं संसार केला होता, तिला विचारावं लागलं नाही. ती ताट घेऊन आत गेली. आतून हलक्या आवाजात म्हणाली, देव देतं नि कर्म नेतं.

गोदूबाई उठून गेली तरी आत्माराम बसून होता. गाडी गेली याचं दुःख होतंच, ते मोठंच होतं. पण त्याहून वाईट काहीतरी त्याला आत कुरतडत होतं. स्लॅबचा हेवा करता येतो, टेपरेकॉर्डरचा करता येतो. नापास होणाऱ्या त्या हरीचं मन आपल्यापेक्षा इतकं मोठं निघावं, याचा हेवा त्याला सोसेना. आणि आपण जो नाही तो माणूस समजून आपलं कौतुक व्हावं, हेही सोसेना.

तो तसाच अनवाणी धावला. म्हातारी वाटेतल्या दगडी गडग्याला टेकून चिऱ्यावर जरा बसली होती.

"काकी, गाडी चढत होती," तो म्हणाला. "मीच चढू दिली नाय. ब्रेक दाबून धरला होता. हरीकडे गाडी यावी असा मला वाटत नव्हता."

 गोदूबाईने त्याचा हात आपल्या हातात घेतला.

"हरीची हौस राहिली म्हणून माझ्या जिवाला लागलाय, असा वाटतंय ना तुला?" ती म्हणाली. "म्हणून सगळा दोष अंगावर घेतोस. गप. कौल तुझ्यावर घातला होता. त्या दिवशी तुझ्या तोंडून देवी बोलली. देवी कधी खोटा बोलेल काय?"

 म्हातारी त्याच्या हाताचा आधार घेऊन उठली, आणि त्याने तिला तिच्या दारापर्यंत पोचवलं.