निजामपुऱ्यातलं लिमिट

गणितातलं लिमिट शिकवणाऱ्या मास्तरला किस्से शोधावे लागत नाहीत. दरवर्षी तोच धडा, त्याच चुका. आपण नुसतं थकत जायचं, किस्से आपोआप साठतात.

*

निजामपुऱ्यात आमचा क्लास पहिल्या मजल्यावर, खाली पॉवरलूम. खटखट एवढी की ओरडूनच शिकवावं लागे. एका दुपारी मी ओरडत होतो, "शून्याला शून्याने कधीही भागायचं नाही!" आणि नेमकी लाईट गेली. लूम बंद. माझा आवाज अख्ख्या गल्लीत.

खालून एक कारागीर शांतपणे म्हणाला, "नहीं करेंगे, सर."

*

शेलार गावची कल्पना नावाची मुलगी पहिल्या बाकावर बसायची.

"x दोनच्या जवळ जातो, पण दोन होत नाही," मी त्या दिवशी तिसऱ्यांदा सांगितलं.

"सर, व्हायाचंच न्हाय, तर जातो कशाला?"

मी फळा पुसायला घेतला.

पुढच्या आठवड्यात तिने एका गणितात अंशातला नि छेदातला x वजा दोन खोडला. मी विचारलं, "तो शून्य असला तर?"

"न्हाय ना सर. x अजून दोनला पोचलाच कुठं हाय?"

मी वीस वर्षं हेच सांगत होतो, पण इतकं सोपं करून कधी नाही.

*

रेहाना लग्नानंतर बारावीला बसलेली. गणितात दोनदा नापास, दोन्ही वेळा दोन-तीन मार्कांनी. तिचं घोडं लिमिटपाशीच अडायचं. सासऱ्यांनी सांगून टाकलं होतं, आता शेवटची खेप. ती वर क्लासमध्ये असायची तेव्हा सासू नातीला कडेवर घेऊन जिन्यात बसायची.

एकदा तेच गणित पाचव्यांदा चुकलं. मी खडू ठेवला. "रेहाना, सोडून दे आता."

तिने वर पाहिलं. "सर, तुम्ही थकलात का?"

मी खडू पुन्हा उचलला.

निकालाच्या दिवशी सायबर कॅफेबाहेर ही गर्दी. रेहाना कुठे दिसेना. सासू तेवढी भिंतीला टेकून उभी, कडेवर नात झोपलेली. चेहऱ्यावरून काही कळेना. विचारायचा मला धीर होईना.

शेवटी तीच म्हणाली, "सर, दो बार बच्ची पास तक गई थी. इस बार पास है."